ड्रिल मशीनची कुळकथा

भोक पाडायचे विजेचे यंत्र, म्हणजे आजचे ड्रिल मशीन, हे सामत्याचे वंशज आहे. सामत्यात एका उभ्या दांड्याच्या टोकाला पोलादी पाते असते, दांड्याभोवती धनुकलीच्या दोरीचा वेढा असतो आणि वरून दाब द्यायला लाकडी टोपी असते. धनुकली मागे-पुढे ओढली की दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे गरगरतो. ही युक्ती फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांत गारेच्या टोकाने कोरलेली बारीक छिद्रे सापडली. ती धनुकलीनेच पाडली असावीत, असे अभ्यासक मानतात.

सामत्याच्या जोडीला गिरमिट आले. ते एकाच दिशेने फिरते आणि लाकडात स्वतःला ओढून घेत आत शिरते. वऱ्हाडातल्या वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागात शेतीची अवजारे गावच्या सुताराकडेच घडत. जुवाला शिवळांसाठी भोके, तिफणीच्या चाड्यातून नळ्यांत बी उतरण्यासाठी भोके, बंडीच्या चाकात आरे बसवण्यासाठी खाचा, अशी कामे चालत. बाभळीसारख्या टणक लाकडात एक खोल भोक पाडायला खांदे भरून येत.

हा जोर विजेच्या मोटारीकडे सोपवण्याचे पहिले पेटंट १८८९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आर्थर आर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी घेतले. त्यांचे यंत्र मात्र अवजड होते. १८९५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हाताने उचलून नेता येणारे ड्रिल बनवले. पाते घट्ट पकडणारा तीन जबड्यांचा, चावीने आवळायचा चक अमेरिकेच्या आर्थर जेकब्ज यांनी १९०२ च्या सुमारास आणला. तोच घाट आजही चालतो. बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकरने पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा जोडला. त्याच्या पेटंटचा अर्ज १९१४ चा, मंजुरी १९१७ ची. ते यंत्र जड आणि २३० डॉलर किमतीचे होते, म्हणजे कारखान्यापुरतेच. दुसऱ्या महायुद्धात कामगार कारखान्यातली ड्रिल घरच्या कामाला नेऊ लागले, हे कंपनीच्या लक्षात आले. १९४६ मध्ये तिने घरगुती वापराचे छोटे ड्रिल १६.९५ डॉलरला बाजारात आणले. घरगुती यंत्र-हत्यारांची परंपरा तिथून सुरू झाली.

भारतात ही परंपरा रुजवण्यात मुंबईतल्या मुलुंडच्या रॅलीवुल्फचा वाटा मोठा आहे. रॅलीज आणि लंडनची वुल्फ इलेक्ट्रिक टूल्स यांच्या सहकार्यातून हा कारखाना उभा राहिला. यातले रॅली हे नाव वऱ्हाडाला परके नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून रॅली ब्रदर्स ही पेढी वऱ्हाडात कापूस खरेदी करत असे. अशी यंत्रे चालवायला लागणारी वीज, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर, पुढे गावोगाव पोहोचली.  

जुनी यंत्रे टिकली त्याला ठोस कारणे आहेत. त्यांचे कवच ओतीव ॲल्युमिनियमचे, गिअर पोलादाचे आणि मोटार कामाच्या मानाने ऐसपैस असे, त्यामुळे ती लवकर तापत नसे. त्याहून मोठे कारण म्हणजे यंत्र सहज उघडता येई. मोटारीतले सर्वात झिजणारे अंग म्हणजे कार्बन. ग्रॅफाइटचा हा लहानसा ठोकळा स्प्रिंगच्या दाबाने फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकून वीज आत पोहोचवतो. झिजून तो आखूड झाला की ठिणग्या वाढतात, जळका वास येतो आणि यंत्र अडखळते. जुन्या ड्रिलच्या दोन्ही अंगांना स्क्रू-ड्रायव्हरने फिरणाऱ्या दोन टोप्या असत. त्या काढायच्या, जुने कार्बन बाहेर, नवे आत, की पाच मिनिटांत यंत्र परत कामाला. मोटारीचा फिरता भाग म्हणजे आर्मेचर; ते जळाले तर वाइंडिंगवाला नव्या तारेने ते भरून देई. बेअरिंग बाजारात मिळे. चकची चावी हरवू नये म्हणून ती वायरीलाच बांधून ठेवत.

दुरुस्तीने यंत्राचे आयुष्य किती वाढते याचा पुरावा वाशीम जिल्ह्यातच आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही कारंजावरून जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावली.

जुन्याचे सगळेच चांगले, असे मात्र नाही. धातूच्या कवचाला आर्थिंग नीट नसेल तर आतली वायर सुटताच अंगात करंट येतो. पुढे प्लॅस्टिकचे कवच आणि दुहेरी इन्सुलेशन आले, वजन घटले आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. शिवाय जी लवकर बिघडली ती जुनी यंत्रे कधीच भंगारात गेली. आज दिसतात ती उरलेली, त्यामुळे सगळी जुनी यंत्रे टिकाऊच होती असा समज होतो.

बॅटरीवरचे पहिले ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये आणले. पुढे लिथियम बॅटऱ्यांनी अशा बिनवायरीच्या यंत्रांचा जोर वाढवला आणि कार्बन नसलेल्या मोटारींनी झिजेचे मूळ कारण दूर केले. पण बिघाड आता इलेक्ट्रॉनिक पट्टीत किंवा बॅटरीत होतो, आणि सुटा भाग मिळाला नाही तर चांगल्या मोटारीसह सगळे यंत्र टाकून द्यावे लागते. म्हणूनच केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची यंत्रे आणि घरगुती टिकाऊ वस्तू दोन्ही आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गावच्या कारागिरापर्यंत पोहोचली, तर नव्या यंत्रांनाही जुन्यांइतके आयुष्य देता येईल.