खरी नऊवारी म्हणजे कुणाची?

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या पोरींचे फोटो आले की दोन पोस्टी ठरलेल्या. एक, 'हीच आपली खरी संस्कृती'. दुसरी, 'शिवलेली नऊवारी म्हणजे संस्कृतीचा अपमान'. वीसेक वर्षं तालुक्याला बातमीदारी करतोय, पण या वादात एक प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. खरी म्हणजे कुणाची?

लुगडं नऊ वारी असलं तरी नेसण एक नव्हती. ब्राह्मण घरातली वेगळी, मराठा घरातली वेगळी. कोळणी आणि रानात राबणाऱ्या बाया लुगडं वर, गुडघ्याच्या आसपास घ्यायच्या. चिखलात भात लावायचा तर पायघोळ लुगडं काय कामाचं? इथवर सोयीचा मामला.

पण दलित बायांचं आखूड लुगडं ही नुसती सोय नव्हती. घोट्यापर्यंत लुगडं हा वरच्या जातींचा मान समजला जायचा. बाई लांबून दिसली तरी जात कळली पाहिजे, अशी ती व्यवस्था.

म्हणून डिसेंबर १९२७ चं महाड आठवतं. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच मुक्कामात बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. वेशावरून जात ओळखू येईल असं काही ठेवू नका, लुगडं वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा, जड दागिने टाका, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्यांचा सांगावा होता. बायांनी तिथंच नेसण बदलली. चळवळीतल्या सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या बाया शिकवायला पुढे आल्या.

विचार करा, लुगडं चार बोटं खाली यायला पाण्याइतकाच संघर्ष करावा लागला.

आज दुकानात शिवलेली 'ब्राह्मणी' आणि 'पेशवाई' नऊवारी टांगलेली असते. पैसे द्या, घेऊन जा. कुणाची पोर आहे, असं कुणी विचारत नाही. ज्यांना यात अपमान दिसतो त्यांनी खुशाल बघावा. मला यात महाडच्या त्या बायांचा विजय दिसतो.

नेसणी जपाव्यात, त्यांची नोंदही व्हावी. पण कौतुक करताना निम्मा इतिहास गाळू नये.

तुमची पणजी लुगडं कसं नेसायची? घरात विचारा. आणि तसंच का नेसायची, तेही विचारा.