वाळवंट : पंढरपुरातले आणि पुस्तकातले

‘वाळवंट’ म्हटले की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उंट उभा राहतो. थर आणि सहारा यांच्या सोबतीने हा शब्द त्याला भूगोलात भेटलेला असतो. साहजिकच संतांच्या अभंगात तो आला की विद्यार्थी ओसाड, निर्जल प्रदेश कल्पितो आणि तेथे नाचणारे वैष्णव त्याला निव्वळ रूपक वाटतात. दोष त्याचा नाही. शब्दच आपले गाव सोडून दूर गेला आहे.

ते गाव सोलापूर जिल्ह्यातले पंढरपूर. येथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. घाटाच्या पायऱ्या उतरल्यावर पात्रालगत जी सखल, वाळूची जमीन लागते, तिला पंढरपूरकर आजही वाळवंट म्हणतात. पूर आला की ती पाण्याखाली जाते. पुंडलिकाच्या मंदिरालाही पाणी वेढते. (उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यापासून या चढउतारावर धरणाचीही सत्ता चालते.) म्हणजे हे वाळवंट पाण्यावाचूनचे नव्हे, नदीने काही काळ मोकळी करून दिलेली ती जागा आहे. गोव्यासारख्या भरपूर पावसाच्या मुलखात, साखळीजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव वाळवंटी आहे आणि तिच्या काठीही विठ्ठलाचे देऊळ आहे, याची येथे आठवण होते.

ही जागा नदीची आहे हे कळले नाही, तर अभंगाचा सामाजिक आशयही निसटतो. तुकोबांच्या अभंगात वैष्णवांचा खेळ रंगतो तो वाळवंटात, आणि तेथे उच्चनीच भाव गळून माणसे परस्परांना वंदन करतात. देवळाला दार असते आणि दारात अडवणारेही असतात. वाळवंटाला दार नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पण बाहेर आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, ते १९४७ च्या मे महिन्यात.

वाळवंटात भेद नव्हताच, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात खंतावून नोंदवले आहे. तरीही संतांनी खेळासाठी निवडलेली जागा कोणती, हे विद्यार्थ्याला ठाऊक हवे. अभंगांच्या अभ्यासपुस्तकांत ‘वाळवंट’ या शब्दाला अर्थ देण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही, कारण तो सोपा समजला जातो. आमच्या मते पहिली टीप त्यालाच हवी.