अटलांटा : क्रीडांगण आणि वस्ती

अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा शहराने विसाव्या शतकाच्या मध्यास ‘द्वेष करायला सवड नसलेले शहर’ अशी आपली ख्याती करून घेतली होती. वर्णविद्वेष व्यापाराला मारक ठरतो, हे तेथील गोऱ्या व्यापाऱ्यांनी नीतीपेक्षा व्यवहारबुद्धीने ओळखले होते. १९६२ मध्ये महापौर झालेले आयव्हन ॲलन हे याच वर्गातले. १९६३ च्या जुलैत काँग्रेससमोर साक्ष देऊन त्यांनी नागरी हक्कांच्या विधेयकास पाठिंबा दिला. व्यावसायिक बेसबॉलचा संघ शहरात आणण्यासाठी भव्य क्रीडांगण उभारण्याचा ध्यासही त्यांनी घेतला होता.

या दोन गोष्टी परस्परांशी निगडित होत्या. जॉर्जियातच जन्मलेला जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळू लागल्यापासून प्रमुख संघांची दारे कृष्णवर्णीयांना उघडली होती. असे संघ हवे असतील, तर गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या बैठका, वेगळी उपाहारगृहे ही रीत सोडणे भाग होते. सुमारे वर्षभरात बांधलेले क्रीडांगण १९६५ मध्ये खुले झाले आणि १९६६ मध्ये मिलवॉकीचा ‘ब्रेव्ह्ज’ संघ तेथे आला. याच मैदानावर ८ एप्रिल १९७४ रोजी हँक आरनने ७१५ वी होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तत्पूर्वी त्याला धमक्यांची असंख्य पत्रे आली होती, हेही विसरता येत नाही.

परंतु हे क्रीडांगण मोकळ्या जागेवर उभे राहिले नव्हते. नागरी पुनर्रचनेच्या नावाखाली तेथील गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्ती उठवण्यात आली होती. उठलेल्यांसाठी पुरेशी घरे मात्र बांधली गेली नाहीत. सप्टेंबर १९६६ मध्ये लगतच्या समरहिल भागात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणावर गोळी झाडली आणि साचलेला क्षोभ उफाळला. जमावाला शांत करण्यासाठी ॲलन मोटारीच्या टपावर चढले. जमावाने मोटारच गदागदा हलवली. कायद्यातील समतेसाठी साक्ष देणारा महापौर आणि बेघरपणाची झळ सोसणारे नागरिक तेथे समोरासमोर आले.

१९९७ मध्ये ते क्रीडांगण पाडण्यात आले. त्या जागी वाहनतळ झाला. आरनच्या त्या फटक्याची खूण तेवढी राखण्यात आली. २०१७ पासून संघ शहराबाहेरच्या कॉब परगण्यात खेळू लागला. क्रीडांगणाने कृष्णवर्णीयांना गोऱ्यांशेजारी बसण्याचा हक्क दिला, हे खरे. पण त्यासाठी ज्यांचा शेजार मोडला, त्यांची खूण कोठेच राखली गेली नाही. समतेचा इतिहास लिहिताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर असावयास हव्यात.