मेथडिस्ट पंथ : आचारशिस्त, विश्वस्तवृत्ती व पाचारण

मेथडिस्ट पंथ हा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) व त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स वेस्ली (१७०७–८८) यांच्या प्रेरणेने उदयास आलेला एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ होय. नव्या धर्मसिद्धांतापेक्षा आचरणाच्या शिस्तीवर या पंथाचा भर होता. ख्रिस्ताचा शिष्य म्हणविणाऱ्याने आपला वेळ, आपला पैसा आणि आपला व्यवसाय यांचा हिशेब ईश्वराला कसा द्यावा, हा त्याच्या संस्थापकांपुढील मुख्य प्रश्न होता. या प्रश्नाला पंथाने दिलेले उत्तर, त्यातून निर्माण झालेला अंतर्विरोध आणि त्या अंतर्विरोधाची खुद्द वेस्लीला असलेली जाणीव, यांमुळे ख्रिस्ती नीतिविचाराच्या इतिहासात या पंथाला विशेष स्थान प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : शिष्यत्वाच्या या कल्पनेची मुळे नव्या करारात आढळतात. धन्याने सोपविलेल्या रकमेचा हिशेब देणाऱ्या दासांचा दृष्टांत मत्तयकृत शुभवर्तमानात, तर कारभाऱ्याचा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानात आला आहे. मनुष्य हा संपत्तीचा स्वामी नसून ईश्वराचा कारभारी आहे, ही विश्वस्तवृत्तीची कल्पना त्यांतून पुढे आली. ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले, त्याने त्या स्थितीत राहावे, असा उपदेश पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. मध्ययुगात मात्र ‘पाचारण’ ही मुख्यतः मठवासी व धर्मगुरू यांच्यापुरती मर्यादित कल्पना राहिली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने प्रार्थना, वाचन व श्रम यांची दिनचर्या बांधून दिली. पण ती मठाच्या भिंतींआड होती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ही भिंत दूर केली. प्रामाणिकपणे केलेला कोणताही व्यवसाय ही ईश्वराची सेवाच होय, असे त्याने प्रतिपादिले. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी व विल्यम पर्किन्ससारख्या इंग्लिश प्युरिटन लेखकांनी हा विचार अधिक काटेकोर केला.

१६६० मध्ये इंग्लंडात राजसत्तेची पुनःस्थापना झाली व प्युरिटनांचा प्रभाव ओसरला. १६६२ च्या कायद्यानंतर प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडावे लागलेल्या धर्मोपदेशकांत वेस्लीचे पितामह व मातामह या दोघांचाही समावेश होता. त्याचे वडील सॅम्युएल हे मात्र चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू होते. लिंकनशर परगण्यातील एपवर्थ येथील त्यांच्या घरी आई सुझॅना हिने मुलांना नियमबद्ध दिनक्रमाचे व आत्मपरीक्षणाचे वळण लावले. प्युरिटन शिस्त आणि प्रस्थापित चर्चवरील निष्ठा हे दोन्ही वारसे वेस्लीला अशा रीतीने घरातच लाभले.

आत्मसंयमनाची पद्धती : १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे वेस्ली बंधू व त्यांचे काही मित्र यांचे एक मंडळ जमले. पहाटे उठणे, बायबलचे एकत्र वाचन, बुधवारी व शुक्रवारी उपवास, नियमित प्रभुभोजन, तुरुंगातील कैद्यांची व गरिबांची भेट असा त्यांचा क्रम होता. या ‘पद्धतशीर’ वागण्यावरून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना उपहासाने ‘मेथडिस्ट’ म्हटले व तेच नाव पुढे रूढ झाले. तथापि केवळ नियमपालनाने वेस्लीचे समाधान झाले नाही. अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीमधील त्याचे धर्मकार्य (१७३५–३७) अयशस्वी ठरले. परतल्यावर २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत ल्यूथरच्या लेखनाचे वाचन ऐकताना आपले तारण केवळ श्रद्धेने झाले आहे, याची त्याला अंतःकरणात खात्री पटली. त्यानंतरही त्याने शिस्त सोडली नाही. मात्र तिचा अर्थ बदलला. पूर्वी ती कृपा मिळविण्याचे साधन होती, आता ती मिळालेल्या कृपेचे फलित ठरली.

एप्रिल १७३९ मध्ये ब्रिस्टल येथे त्याने उघड्यावर प्रवचने देण्यास प्रारंभ केला. किंग्जवुडच्या कोळसा खाणींतील कामगार त्याच्या सुरुवातीच्या श्रोत्यांत होते. प्रवचनाने हेलावलेल्या लोकांना पुढे सांभाळणे हे खरे अवघड काम होते. त्यासाठी १७४२ मध्ये निर्माण झालेली ‘वर्गा’ची रचना मुळात एका आर्थिक अडचणीतून आली. ब्रिस्टलच्या सभागृहावरील कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी व सुमारे बारा जणांच्या गटामागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. ज्याला देणे परवडत नसेल, त्याची पेनी गोळा करणाऱ्याने भरावयाची होती. घरोघर जाताना सभासदांच्या आचरणाचीही माहिती मिळते, हे लक्षात येताच वेस्लीने या गटांना आध्यात्मिक देखरेखीचे रूप दिले. वर्गनायकापुढे दर आठवड्याला आपल्या आचरणाचा वृत्तांत द्यावा लागे. समाधानकारक आचरण असणाऱ्यास दर तिमाहीस नवे तिकीट मिळे. इतरांची नावे कमी होत. आत्मसंयमन ही एकट्याची साधना न राहता परस्परांच्या जबाबदारीची बाब झाली.

१७४३ मध्ये वेस्लीने सर्व मंडळांसाठी सामान्य नियम प्रसिद्ध केले. अपाय टाळणे, शक्य तितके सत्कर्म करणे आणि उपासनेचे विहित मार्ग पाळणे ही त्यांची तीन सूत्रे होत. त्यांतील तपशील व्यावहारिक आहे : मद्याची खरेदी-विक्री, जकात चुकवून आणलेला माल, अन्यायाने व्याज आकारणे, फेडण्याची शक्यता नसताना उसनवारी करणे व संपत्तीचा साठा करणे यांस त्यांत मनाई होती.

विश्वस्तवृत्ती : वेस्लीचा अर्थविचार त्याच्या ‘पैशाचा उपयोग’ या प्रवचनात एकत्रित झाला आहे. शक्य तितके मिळवावे, शक्य तितके वाचवावे आणि शक्य तितके द्यावे, ही त्याची त्रिसूत्री होय. पहिल्या सूत्राला त्याने कडक मर्यादा घातल्या. स्वतःचे आरोग्य घालवून मिळविलेला पैसा त्याला त्याज्य वाटे. या संदर्भात सोमल व वितळलेले शिसे यांच्या सान्निध्यातील कामांचा त्याने उल्लेख केला आहे. शेजाऱ्याचा धंदा बुडविण्यासाठी बाजारभावाखाली विक्री करणे किंवा त्याचे कामगार फोडणे हेही त्याने निषिद्ध मानले. दुसऱ्या सूत्रात चैनीचे खाणे, उंची वस्त्रे व शोभेच्या वस्तू यांवरील खर्च येतो. तिसरे सूत्र हे पहिल्या दोहोंचे प्रयोजन होय. उत्पन्नाचा दशमांश दिला की उरलेले आपले, हा समज त्याने नाकारला. सर्वच धन ईश्वराचे असल्याने स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागल्यावर उरते ते सर्व गरजूंचे, असे त्याचे मत होते.

वेस्ली स्वतः याप्रमाणे वागला. तीस पौंड मिळत असता अठ्ठावीस पौंडांत राहून दोन पौंड दान करणाऱ्या आणि पुढे उत्पन्न साठ, नव्वद व एकशेवीस पौंड झाले, तरी अठ्ठावीस पौंडांतच भागविणाऱ्या एका तरुणाचा दाखला त्याने एका प्रवचनात दिला आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे सामान्यतः मानले जाते. १७७६ मध्ये करवसुली अधिकाऱ्यांनी त्याच्याकडील चांदीच्या भांड्यांची विचारणा केली, तेव्हा लंडनला दोन व ब्रिस्टलला दोन असे चांदीचे चमचे आपल्यापाशी असून भोवतालचे अनेक लोक भाकरीला महाग असताना आपण आणखी विकत घेणार नाही, असे त्याने कळविले. दानाला त्याने संस्थात्मक रूपही दिले. १७४६ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी औषधालय व लहान कर्जांचा निधी सुरू झाला, तर १७४८ मध्ये किंग्जवुड येथे शाळा निघाली. आपली शवपेटी वाहणाऱ्या सहा गरीब माणसांना प्रत्येकी एक पौंड द्यावा, अशी तरतूद त्याच्या मृत्युपत्रात होती.

पाचारण : मेथडिस्टांच्या प्रसारामुळे पाचारणाच्या कल्पनेलाही नवे वळण लागले. थॉमस मॅक्सफील्ड या दीक्षा न घेतलेल्या तरुणाने प्रवचन केल्याचे ऐकून वेस्ली प्रथम संतापला. परंतु त्याला थांबविण्यापूर्वी त्याचे प्रवचन ऐकावे, हा आईचा सल्ला त्याने मानला. त्यानंतर सामान्य व्यावसायिकांतून उपदेशक पुढे आले. यॉर्कशरमधील गवंडी जॉन नेल्सन हा त्यांपैकी एक होय. १७७१ मध्ये मेरी बोझँक्वेट हिच्या संदर्भात स्त्रियांनाही असाधारण पाचारण होऊ शकते, हे वेस्लीने मान्य केले. त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये पंथाच्या परिषदेने स्त्रियांच्या प्रवचनांवर कडक निर्बंध घातले.

प्रत्येक व्यवसाय पाचारण ठरत नाही, असेही वेस्लीचे मत होते. १७७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुलामगिरीविषयक पुस्तिकेत त्याने जहाजांचे कप्तान, व्यापारी व मळेवाले यांना उद्देशून त्यांच्या धंद्याचा जाब विचारला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सला त्याने मृत्यूपूर्वी काही दिवस, फेब्रुवारी १७९१ मध्ये, प्रोत्साहनपर पत्र लिहिले.

अंतर्विरोध : उद्योग व काटकसर अंगी बाणलेले मेथडिस्ट दोन पिढ्यांत सुस्थितीला आले. धर्मामुळे कष्टाळूपणा व मितव्यय येतात, त्यांतून संपत्ती येते आणि संपत्तीबरोबर अहंकार व ऐहिक आसक्ती वाढून धर्माचा गाभा नष्ट होतो, हे चक्र वेस्लीने १७८६ मधील एका लेखात स्पष्टपणे मांडले. आपले अनुयायी पहिली दोन सूत्रे पाळतात, तिसरे पाळणारे फार थोडे आहेत, अशी खंत त्याने अखेरच्या वर्षांतील प्रवचनांत व्यक्त केली. दान हाच या चक्रातून सुटण्याचा एकमेव उपाय त्याला दिसत होता.

अमेरिकेतील इतिहासाने ही भीती खरी ठरविली. १७८४ मध्ये बॉल्टिमोर येथे स्थापन झालेल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने गुलाम बाळगण्याविरुद्ध नियम केले; पण विरोध होताच १७८५ मध्ये ते स्थगित केले. अखेर गुलामगिरीच्या प्रश्नावरूनच १८४४ मध्ये या चर्चच्या विभाजनाचा निर्णय झाला.

भारतातील प्रसार : विल्यम टेलर या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८७१ मध्ये मुंबईत कार्य सुरू केले व वेस्लीच्या पद्धतीप्रमाणे तेथे वर्ग स्थापन केले. परदेशी निधीवर अवलंबून न राहता स्थानिक मंडळींनी आपला खर्च आपणच चालवावा, हा त्याचा आग्रह होता. त्याला जॉर्ज बोवेन (१८१६–८८) याची साथ लाभली. अमेरिकन मराठी मिशनतर्फे १८४८ मध्ये मुंबईस आलेल्या बोवेनने अल्पावधीतच मिशनचे वेतन सोडले होते. गरीब वस्तीत अत्यंत साधेपणाने राहून त्याने बॉम्बे गार्डियन हे पत्र अनेक वर्षे चालविले व पुढे मेथडिस्ट मंडळीत प्रवेश केला. मेथडिस्ट परंपरेतील विल्यम बूथने स्थापिलेल्या मुक्तिफौजेचे पहिले पथक १८८२ मध्ये मुंबईस उतरले. त्यातील कार्यकर्त्यांनी भारतीय पेहराव व भिक्षावृत्ती स्वीकारली. अमेरिकन परंपरेतील मंडळ्या १९८१ मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाल्या.

मूल्यमापन : जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने १९०४–०५ मध्ये प्रॉटेस्टंट नीती व भांडवलशाही यांचा संबंध मांडताना वेस्लीच्या वरील लेखाचा आधार घेतला. मेथडिस्ट चळवळीमुळे इंग्लंड क्रांतीपासून वाचले, असे फ्रेंच इतिहासकार एली आलेव्ही याचे मत होते. ई. पी. टॉम्प्सन याने १९६३ मध्ये याच्या उलट बाजूवर बोट ठेवले : या शिस्तीने कामगारांना कारखान्याच्या जाचाला रुळविले. परंतु १८३४ मध्ये शेतमजुरांची संघटना बांधल्याबद्दल ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा झालेल्या टॉलपडलच्या सहा मजुरांपैकी बहुतेक मेथडिस्ट होते व त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा पंथाचा उपदेशक होता. सभा चालविणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, चारचौघांत निर्भयपणे बोलणे या गोष्टी शिकण्याची संधी वर्गव्यवस्थेत मिळत असे. एकाच शिस्तीतून आज्ञाधारक कामगार आणि अन्यायाविरुद्ध उभा राहणारा मजूर हे दोन्ही निपजले. संयम, विश्वस्तवृत्ती व पाचारण ही तीन अंगे एकत्र असताना शिष्यत्वाला बळ येते. विश्वस्तवृत्ती गळून पडली की उरलेला संयम केवळ संपत्तिसंचयाचे साधन होतो, हा या पंथाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.