गॉब्लिन शार्क : संग्राहकांचा जबडा आणि प्राणिशास्त्राचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅलन ओस्टन हा इंग्रज व्यापारी जपानमधील योकोहामा येथे राहून प्राणी-पक्ष्यांचे नमुने जमवीत व विकत असे. जवळच्याच समुद्रात सापडलेला सुमारे १०७ सेंटीमीटर लांबीचा एक अपरिचित शार्क त्याच्या हाती आला. तो त्याने टोकियो विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक काकिची मित्सुकुरी यांना दिला आणि त्यांच्यामार्फत तो अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्यापर्यंत पोहोचला. जॉर्डन यांनी १८९८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एका अल्पवयीन नराच्या आधारे नवी जाती, नवी प्रजाती व नवे कुल स्थापन केले. 'मित्सुकुरिना ओस्टोनी' या नावात प्राध्यापक आणि व्यापारी शेजारी आले. जपानी कोळ्यांनी मात्र लोककथांतील लांब नाकाच्या 'तेंगु' या भूतावरून त्याला 'तेंगुझामे' म्हटले होते. 'गॉब्लिन शार्क' हे इंग्रजी नाव त्याचाच अनुवाद होय.

या शार्कचे क्रिटेशस काळातील जीवाश्मांशी साम्य लक्षात आल्यावर अनेक अभ्यासकांनी त्यास 'स्कॅपॅनोऱ्हिंकस' या लुप्त प्रजातीत घातले. पुढे दोन्ही प्रजाती वेगळ्या मानल्या गेल्या. 'जिवंत जीवाश्म' हे बिरुद मात्र टिकून राहिले. अभ्यासकांच्या वादापेक्षा ते बाजाराला अधिक उपयोगी पडले, असे म्हणावे लागते.

संग्राहकांना मोह पडतो तो जबड्याचा. पुढचे दात लांब, अरुंद व सुयांसारखे असतात, तर मागचे लहान व चपटे. हिंदी महासागरात सुमारे १,३७० मीटर खोलीवरील तारेच्या केबलमध्ये याच माशाचा एक दात रुतलेला सापडला होता. परंतु वाळवून भिंतीवर लावलेला जबडा पाहून या अवयवाचे खरे कार्य समजत नाही. जिवंत माशात तो चपट्या, लांब मुस्कटाखाली मिटलेला असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो गलोलीतून सुटल्याप्रमाणे पुढे फेकला जातो. काझुहिरो नाकाया व सहकाऱ्यांनी जपानजवळ चित्रित झालेल्या दृश्यांचे विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यानुसार जबड्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटरपर्यंत जातो आणि तो शरीराच्या एकूण लांबीच्या ८.६ ते ९.४ टक्के इतका पुढे येतो. शिथिल स्नायूंच्या या मंद जलचरास पाठलागाची उणीव अशी भरून काढता येते. जाळ्यातून वर आलेल्या माशांचा जबडा पुष्कळदा बाहेर लोंबत असल्याने तोच त्याचा स्वाभाविक चेहरा, असा समज चित्रांतून दीर्घकाळ रूढ राहिला. गुलाबी रंगही त्वचेचा नव्हे. पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा तो परिणाम आहे. मृत्यूनंतर तो मावळतो.

शार्कचा सांगाडा अस्थींचा नसून कूर्चेचा असतो. वाळताना कूर्चा आक्रसते व वाकते. म्हणजे मूळ आकारही पूर्णपणे राहत नाही. याहून मोठी हानी नोंदींची होते. पकडल्याची जागा, खोली, माशाची लांबी, लिंग, पोटातील अन्न यांपैकी काहीही सुट्या जबड्याबरोबर येत नाही. केवळ जबड्यांसाठी या माशाची नियमित मासेमारी होत नाही. तो इतर माशांसाठी खोलवर सोडलेल्या ट्रॉल जाळ्यांत व गळांवर चुकून सापडतो, हे येथे सांगितले पाहिजे. तथापि दुर्मीळ प्राण्याच्या बाबतीत चुकून आलेला प्रत्येक नमुना अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा असतो. एप्रिल २००३ मध्ये तैवानच्या वायव्य किनाऱ्याजवळ शंभरहून अधिक गॉब्लिन शार्क थोड्या अवधीत पकडले गेले. त्यापूर्वी त्या भागात हा मासा ज्ञात नव्हता.

ओस्टनही विक्रेताच होता. फरक इतकाच की, त्याच्याकडून अभ्यासकांना अखंड मासा मिळाला, स्थळासह मिळाला. प्रजननाविषयी तर माहिती नगण्यच होती, कारण गर्भवती मादी दीर्घकाळ अभ्यासकांच्या हाती लागली नव्हती. २०२३ साली तैवानजवळ ट्रॉल जाळ्यात सहा पिल्ले पोटात असलेली एक मादी सापडली. ती एका संग्रहालयाने विकत घेतली, अखंड.