खोऱ्यातला तमिळ ऱ

मावळावर लिहायचं आणि ‘खोऱ्यात’ टाळायचं, हे जमत नाही. ‘पवना खोऱ्यातले किल्ले’ असं फोल्डरला नाव द्या. ब्राउझरमध्ये ते छान दिसतं, पण साध्या टर्मिनलमध्ये ‘ऱ्या’ विस्कटतो: खाली टिंब असलेला र, त्याचा मोडलेला पाय, शेजारी सुटा या. असं टर्मिनल मोजक्या चौकटींत सुटी अक्षरं बसवतं, जोडाक्षराच्या भानगडीत पडत नाही.

मला छळतं ते टिंब. पवनेच्या काठी ते आलं कुठून?

तमिळनाडूतून! इस्की या भारतीय संकेतप्रणालीत हे अक्षर दक्षिणी लिप्यांचा ‘कठोर र’ म्हणून नोंदलेलं आहे. युनिकोडने १९९१ साली देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतला, त्यात हा पाहुणाही आला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर, शिफ्टखाली बसतो. इस्कीचा नियम असा, की त्याचा पाय मोडला की मराठीतल्या ‘ऱ्या’ची ती आडवी रेघ उमटते.

पण मराठीची रेघ त्याच्याच गळ्यात का? मराठीवरच्या द्राविडी संस्काराची ही खूण, असा मोह कुणालाही होईल. मला पटत नाही. तमिळ र कठोर, आपला ‘खोऱ्या’तला अगदी हलका, आधीच्या अक्षरावर आघातही न देणारा. मग उच्चाराचं नातं कसलं? माझ्या मते ही निव्वळ काटकसर. र चा पाय मोडून य जोडला की रफार होतो, ‘दर्या’ तयार. ‘दऱ्या’साठी दुसरा र हवा, आठ बिटांच्या तक्त्यात नवी जागा कोण देणार? दाक्षिणात्य र रिकामाच होता, त्याला जुंपलं.



युनिकोडच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळी वाट काढली: साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे दोन्ही वाटा ठेवल्या. त्यात मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलव्यवस्थेची भर: ती नाव साठवताना ऱ फोडून र आणि नुक्ता वेगळे करते. यूटीएफ-८मध्ये मोजलं तर ऱ चे तीन बाइट असे सहा होतात. ते फोल्डर मॅकवरून लिनक्सवर आणलं आणि टर्मिनलमध्ये हाताने नाव टाइप केलं, तर लिनक्स सरळ सांगतो: असं फोल्डरच नाही.