मिरासदार आणि उपरी

इसवी सन १९३४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर ‘स्कूल ऑफ अमेरिकन बॅले’ सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात व्हर्माँटमधील बेनिंग्टन महाविद्यालयात आधुनिक नृत्याची पहिली उन्हाळी शाळा भरली. एकाच वर्षी उघडलेल्या या दोन दारांपैकी कोणत्या दाराने आत शिरावे, या विवंचनेने अमेरिकेतील नृत्याच्या उमेदवाराला तेव्हापासून जे ग्रासले आहे ते आजतागायत. बॅलेच्या वर्गात हिरमुसलेला विद्यार्थी आधुनिक नृत्याकडे आशेने पाहतो, तेथे मन रमेनासे झाले की पुन्हा बॅलेची वाट धरू लागतो, आणि आपण दोन नृत्यांतून एक निवडीत आहोत अशी त्याची समजूत असते. पूर्वीचे दप्तर चाळले म्हणजे मात्र ध्यानात येते की, ही निवड दोन प्रकारच्या शिष्यत्वांतील आहे.

बॅलेचा वारसा दरबारी. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये पॅरिस येथे नृत्याची राजमान्य अकादमी स्थापिली, आणि त्याच्याच पदरी असलेल्या पिएर बोशाँ या नृत्यशिक्षकाने पावलांच्या पाच स्थिती निश्चित केल्या असे मानतात. विद्यार्थी लाकडी दांड्यावर हात टेकून उभा राहतो, टाचेला टाच भिडवून पावले बाहेर वळवितो, गुडघे सावकाश वाकवितो आणि मग सरळ करितो. पॅरिस असो, पीटर्सबर्ग असो वा न्यूयॉर्क, दिवसाचा आरंभ याच रिवाजाने व्हावयाचा. आमच्या जुन्या गावगाड्यात मिरासदाराचे जे स्थान, तेच या विद्यार्थ्याचे: जमीन पिढीजात, तिच्या हद्दी ठरलेल्या, आणि कसणारा बदलला तरी वहिवाट कायम. पण मिरासही बालपणीच अंगी मुरावी लागते. आठ-दहा वर्षांच्या वयात कमरेच्या सांध्यांना जे वळण लागते ते पंचविशीत लावू पाहणाऱ्याची गुडघ्यांशी गाठ पडते, आणि भिंतीवरचा आरसा त्याची उणीव रोज त्याच्या पदरात घालतो.

आधुनिक नृत्याचा विद्यार्थी हा उपरी, म्हणजे बाहेरून येऊन वतनाविना जमीन कसणारा. मार्था ग्रॅहॅम १९१६ मध्ये रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या डेनिशॉन शाळेत दाखल झाली, १९२३ मध्ये तेथून बाहेर पडली, आणि एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर तिने आपला पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला. तिच्या वर्गाचा आरंभ उभ्याने न होता बसून होई. विद्यार्थी जमिनीवर तळव्याला तळवा लावून बसत, श्वास सोडताना पोट आत ओढून ओटीपोटापासून पाठीची कमान करीत, आणि श्वास घेताना ती मोकळी करीत. या आकुंचन-विमोचनावर तिच्या साऱ्या नृत्यशास्त्राची इमारत उभी आहे. पावले अनवाणी असल्याने अंगठ्याच्या मुळाशी कातडी फाटते, आणि तीवर चिकटपट्टी लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हावे लागते. तेव्हा बॅलेच्या जाचातून सुटून जो येथे येतो, त्याला देहाच्या शिस्तीतून सूट मिळते असे मुळीच नाही.

दोन्ही पक्षांत वैर किती होते याचा एक दाखला १९३१ मधला आहे. न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये ग्रॅहॅम आपल्या पद्धतीचे विवेचन करीत असता प्रेक्षकांतील एका गृहस्थाने उठून तिच्याशी कडाक्याचा वाद घातला, आणि तिनेही त्याला तितक्याच परखडपणे वाटेला लावले. ते गृहस्थ म्हणजे बॅलेचे नृत्यरचनाकार मिखाईल फोकीन, हे तिला मागाहून कळले. गंमत अशी की, बॅलेच्या साचेबंदपणाविरुद्ध तरुणपणी बंड पुकारणाऱ्यांत हेच फोकीन अग्रभागी होते.

गुरुजन असे भांडत असता शिष्य मात्र ही सीमा ओलांडीत होते. हार्वर्डमध्ये ग्रीक वाङ्मय शिकलेला एरिक हॉकिन्स वयाच्या पंचविशीच्या सुमारास बॅलेच्या त्या नव्या शाळेत आला, काही वर्षे बॅले नाचला, १९३८ मध्ये ग्रॅहॅमच्या मंडळीतील पहिला पुरुष नर्तक झाला, आणि पुढे तिलाही सोडून, स्नायूंवर ताण न देणारी स्वतःची पद्धती त्याने घडविली. मर्स कनिंगहॅम १९३९ मध्ये ग्रॅहॅमकडे आला. तिनेच त्याला बॅलेच्या शाळेत धाडले. १९४७ मध्ये त्याने बॅलेच्या नर्तकांसाठी ‘द सीझन्स’ रचले, आणि १९५३ मध्ये आपली मंडळी उभी केली. ग्रॅहॅमने डेनिशॉन सोडले, हॉकिन्स आणि कनिंगहॅम यांनी ग्रॅहॅमला सोडले. बॅलेत घराणे सोडणे हा अपवाद. आधुनिक नृत्यात गुरूचे घर सोडणे हीच परंपरा ठरली.

मे १९५९ मध्ये बॅलेच्या त्या न्यूयॉर्कच्या शाळेचा एक संस्थापक बॅलनशीन आणि ग्रॅहॅम यांनी वेबर्नच्या संगीतावर ‘एपिसोड्स’ हे नृत्य वाटून घेऊन रचले, आणि दोन मुलुखांत जणू तह झाला. ग्रॅहॅमच्या भागात बॅलेची सॅली विल्सन राणी एलिझाबेथ झाली; बॅलनशीनच्या भागात ग्रॅहॅमचा शिष्य पॉल टेलर याने एकल नृत्य केले. लवकरच ग्रॅहॅमचा भाग बॅलेच्या प्रयोगांतून गळाला, टेलरचे एकल नृत्यही गळाले. बॅलनशीनचा उरलेला भाग मात्र टिकला. बॅलनशीनने टेलरला आपल्या मंडळीत येण्यास सुचविले असता त्याने नकार दिला, कारण त्याला स्वतःची नृत्ये रचावयाची होती.

म्हणून हताश विद्यार्थ्याने आपल्या त्राग्याचीच आधी उलटतपासणी करावी. ठरलेल्या मापाला आपण पुरत नाही याचे दुःख असेल, तर ते मिरासदाराचे दुःख, आणि त्यावर उतारा दांड्यापाशीच आहे. ते मापच आपले वाटत नसेल, तर उपऱ्याचे बोचके बांधावे. मात्र ज्या दारी ते उतरवू, तेथूनही ते एक दिवस उचलावे लागेल, हे जाणून. टेलरचे ते एकल नृत्य अनेक वर्षे कोणी केले नाही, कारण ते एकाच देहावर बेतलेले होते; ते पुढे रंगमंचावर परतले ते टेलरने स्वतः बॅलेच्या एका नर्तकाला शिकविले तेव्हाच.